लघवीची वही

छत्रपती संभाजीनगर, मे महिना, शनिवार

पारा ४२ च्या वर गेला की मूत्राशयाच्या तपासणीतले आकडे फार सावधपणे वाचावे लागतात. सगळं पाणी घामावाटे जातं, दिवसभराची लघवी कधी लिटरभरही भरत नाही. मग 'दिवसातून चारच वेळा होते' ही तक्रार आजाराची की उन्हाची, हे कुठलंच यंत्र सांगत नाही. ते कळतं रुग्णानं सलग तीन दिवस भरलेल्या लघवीच्या वहीतून. या विषयात संशोधन करू पाहणाऱ्या मुलामुलींनी आधी ही वही भरून घ्यायला शिकावं, यंत्राकडे नंतर वळावं, असं माझं ठाम मत आहे.

सामान फार नाही. मिलिलिटरच्या खुणा असलेला प्लास्टिकचा मग, घड्याळ आणि पेन. दर वेळी वेळ, माप, किती घाईची लागली आणि गळती झाली का, हे लिहायचं. पाणी, चहा, ताक, रसवंतीवरचा रस, जे पोटात गेलं तेही. झोपल्याची आणि उठल्याची वेळ तर हवीच, बहुतेक वह्या तिथंच बिघडतात. सकाळची पहिली लघवी किडनीनं रात्रीच तयार केलेली असते, म्हणून तिचं माप रात्रीच्या खात्यात धरायचं. लोक ती दिवसात मांडतात, नाहीतर उठल्या उठल्या तसेच जाऊन येतात आणि मोजायचंच राहतं. 'तांब्याभर पाणी' असं लिहून आलं, तर तो तांब्या एकदा मगात ओतून बघावा. घरोघरी तांब्या वेगळा.

समजा, पासष्टीचे एक काका रात्री चारदा उठतात. २४ तासांची लघवी १८०० मिलि, त्यातली रात्रीची, सकाळची पहिली धरून, ९००. उतारवयात रात्रीचा वाटा एक तृतीयांशाच्या वर गेला की किडनीच रात्री जास्त लघवी करतेय असं समजायचं. प्रोस्टेट वाढलेली असेलही, पण नुसती ती काढून हे उठणं थांबणार नाही. पायावर सूज आहे का, घोरणं किती, साखर किती, लघवी वाढवणारी गोळी संध्याकाळी घेतात का, हे विचारावं. उलट, दर वेळी ८०-१०० मिलिच होत असेल आणि रात्रीची एकूण बेरीज कमी असेल, तर दोष लघवीच्या पिशवीकडे, म्हणजे मूत्राशयाकडे शोधावा.

ऊसतोडीच्या बायांच्या वह्या मात्र जीव कासावीस करतात. दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात, फडात आडोसा नसतो, म्हणून त्या पाणीच कमी पितात. लघवी गडद, थोडी, आणि तीही तासन् तास रोखलेली. जंतुसंसर्गाला आणि खड्यांना याहून सोयीचं काय असणार? खडा पुन्हा होऊ नये म्हणून रोज अडीच लिटर लघवी व्हावी, हा सल्ला बरोबरच आहे, पण जायला जागाच नसेल तर तो कागदावरच राहतो. म्हणून आपल्याकडच्या वहीत आणखी एक रकाना हवा: 'लागली होती, पण जाता आलं नाही.' तो नसेल तर नाइलाजानं रोखलेली लघवी मोठ्या पिशवीचं लक्षण म्हणून वाचली जाते.

वहीनंतर यंत्र. साध्या फ्लो तपासणीत, म्हणजे धारेचा वेग मोजताना, निदान १५० मिलि लघवी तरी व्हायला हवी, त्याहून कमी असेल तर आलेख बाजूला ठेवावा. आणि धार बारीक का, हे ती तपासणी सांगतच नाही. त्यासाठी एक बारीक नळी मूत्राशयात, दुसरी गुदाशयात. पहिल्या दाबातून दुसरा वजा केला की मूत्राशयाच्या स्नायूचा स्वतःचा दाब उरतो. शून्य बाहेरच्या हवेला धरायचं, ट्रान्सड्यूसर, म्हणजे दाब मोजणारं उपकरण, ओटीपोटाखालच्या जघनास्थीच्या (प्युबिक हाडाच्या) वरच्या कडेच्या पातळीत. मग खोकायला सांगायचं. आलेखातल्या दोन्ही दाबांच्या रेषा सारख्या उडायला हव्यात. मूत्राशयाची रेषा आखूड उडाली तर नळीत हवेचा बुडबुडा असतो, नाहीतर जोड ढिला. थोडं सलाईन सोडून बुडबुडा काढायचा आणि पुन्हा खोकायला लावायचं. मूत्राशय भरताना अधूनमधून आणि शेवटीही हेच. घाईत हे टाळलं की पुढचा अख्खा आलेख वाया.

समजा, दोन पुरुषांची जास्तीत जास्त धार सेकंदाला ८ मिलि. एकाचा त्या क्षणी स्नायूचा दाब ७०, दुसऱ्याचा ३० सेंमी पाणी. दाबातून धारेची दुप्पट वजा करा: ५४ आणि १४. पुरुषांत ४० च्या वर म्हणजे वाट अडलेली, २० च्या खाली म्हणजे मोकळी. आता दाबात धारेची पाचपट मिळवा. दुसऱ्याचे ७० भरतात, आणि १०० च्या खाली स्नायू दुबळा समजतात. त्याची प्रोस्टेट कापून काय साधणार? त्याची वही परत उघडावी. दर वेळी ६००-७०० मिलि असेल, तर पिशवी ताणून सैल झाली असावी. मग मधुमेह आणि मणक्याची तपासणी आधी, आणि लघवीनंतर लगेच सोनोग्राफीत मागे किती उरते ते बघावं.