‘समजून घेतील’ नको, ‘विशद करतील’ लिहा

मंगळवार, रात्री अकरा

आज एकदाचा माझा नवा कोर्स मंजुरीसाठी अभ्यास मंडळापुढे गेला. अजेंड्यावर सातवा नंबर, त्यामुळे आधी मागच्या सभेचं इतिवृत्त कायम करणं, त्यात एकाचं म्हणणं की मी असं बोललोच नव्हतो, मग कुणाच्या तरी कोर्सचा नुसता कोड बदलायचा प्रस्ताव, असं सगळं दीड तास ऐकत बसले. माझा नंबर लागला तेव्हा निम्म्या लोकांचा एक डोळा घड्याळावर होता, म्हटलं बरंय, पटकन उरकेल. कसलं काय.

कोर्स तसा साधा आहे. सर्व्हे आणि मुलाखती कशा घ्यायच्या, ३ क्रेडिट म्हणजे आठवड्याला तीन तास क्लास, १५ आठवडे. पहिल्याच पानावर, ‘अध्ययन निष्पत्ती’त, म्हणजे कोर्स संपल्यावर मुलांना काय येईल त्या यादीत, गाडी अडली. ‘विद्यार्थी नमुना निवडीच्या पद्धती समजून घेतील’ असं मी लिहिलेलं, तर एक सर म्हणाले मॅडम, ‘समजून घेतील’ हे मोजणार कसं? क्रियापद बदला. मग ‘स्पष्ट करतील’ की ‘विशद करतील’ यावर वीस मिनिटं. शेजारच्या मॅडमनी माझ्या प्रतीवर पेन्सिलीने आधी एक लिहिलं, खोडलं, दुसरं लिहिलं, परत पहिलं. शिक्षणशास्त्रात १९५६ साली ब्लूम नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी केलेली शिकण्याच्या पायऱ्यांची एक उतरंड आहे, सगळे तिचाच हवाला देतात, पण गंमत म्हणजे २००१ मध्ये ती सुधारली त्यात ‘समजणे’ ही चक्क दुसरी पायरी आहे. हे मी बोलले नाही. सातव्या नंबरवाल्याने असलं बोलू नये, आणि खरं सांगायचं तर सरांचा मुद्दाही पूर्ण चूक नाही, पेपर तपासताना ‘समजलंय’ हे दिसत नाही, मुलाने काय लिहिलं तेच दिसतं. पण वीस मिनिटं?

मग ओव्हरलॅप. स्टॅटिस्टिक्सच्या सरांनी सांगितलं की सॅम्पलिंग, म्हणजे हीच नमुना निवड, आमच्या दुसऱ्या सेमिस्टरला आहेच. आहे, त्यांच्याकडे सूत्रं आहेत, माझ्याकडे दार वाजवल्यावर माणूस आत घेत नाही तेव्हा काय करायचं ते आहे. पण हा वाद अभ्यासक्रमाचा नसतोच हो, मुलं इकडे वळली तर तिकडचा वर्कलोड कमी होतो आणि वर्कलोड गेला की उद्या पोस्ट मागता येत नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि कुणीही म्हणत नाही. ठरलं काय, तर त्यांच्या डिपार्टमेंटचं ना हरकत पत्र जोडा. म्हणजे अजून पंधरा दिवस गेले.

एव्हाना मी मनातून उठून गेले होते. तेवढ्यात टोकाला बसलेले केमिस्ट्रीचे सर, जे सभेत सहसा तोंड उघडत नाहीत, त्यांनी आठवड्यांचा तक्ता उघडला आणि विचारलं, “नवव्या-दहाव्या आठवड्यात आठ मुलाखती, एकेक तासाच्या, आणि प्रत्येक लिहून काढायची. एक तासाचं रेकॉर्डिंग लिहून काढायला किती वेळ लागतो?”

मी म्हटलं चारेक तास. आणि म्हणता म्हणता माझंच मला कळलं.

आठ तास मुलाखती, वर बत्तीस तास लिहून काढणं, झाले चाळीस. क्लासच्या एका तासामागे घरचे दोन धरतात, म्हणजे माझ्या कोर्सला आठवड्याचे सहा, दोन आठवड्यांचे बारा. त्या बारा तासांत मी चाळीस तासांचं काम कोंबलं होतं, आणि त्याच आठवड्यात तीन लेख वाचून यायला सांगितलं होतं ते वेगळंच. हा तक्ता मी चार महिने घासतेय, विभागातल्या तिघांनी वाचलाय, क्रियापदांवर एवढा खल झाला, आणि ही साधी बेरीज कुणी केली नाही. मी सुद्धा नाही. लॅबवाल्यांना बहुतेक सवय असते, तिथे प्रयोग वेळेत बसला नाही तर लॅब बंद होते आणि मुलं बाहेर. आमच्याकडे वाचायला दिलं की आमचं काम संपलं, मुलं ते कधी आणि कसं करतात याच्याशी देणंघेणं नाही.

थोडी लाज वाटली. थोडा रागही आला, कारण सभेआधी मी घरी म्हणून गेले होते की या लोकांना माझ्या विषयातलं काय कळतंय. त्यांना विषयातलं कळत नव्हतं म्हणूनच तर तास मोजले, माझ्यासारखं त्या आठ मुलाखतींच्या प्रेमात नव्हते ते.

शेवटी ‘किरकोळ दुरुस्तीसह मंजूर’. पुढे विद्याशाखा, मग विद्या परिषद, तिथे असे पन्नास कोर्स एका झटक्यात हात वर करून पास होतात म्हणे, म्हणजे वाचून बघणारी शेवटची माणसं आजचीच. (आणि जुने कोर्स काढून टाकायचा प्रस्ताव मात्र मी अजून एकदाही अजेंड्यावर पाहिलेला नाही. कित्येक वर्षं कुणी न शिकवलेले कोर्स पुस्तिकेत तसेच पडून आहेत.)

संध्याकाळी इतिवृत्ताचा मसुदा मेलवर आला. माझ्या कोर्सखाली दोन ओळी: अध्ययन निष्पत्तीतील क्रियापदे बदलणे, ना हरकत पत्र जोडणे. केमिस्ट्रीच्या सरांचा प्रश्न त्यात नाहीच, कारण त्यांनी विचारला, मी मान हलवली, आणि ठराव काही झाला नाही.

आत्ता तक्त्यात ८ चं ३ केलं. मुलाखती सातव्या आठवड्यापासून सुरू, दोन आठवड्यांना एक, नवव्यातले दोन लेख उडवले. फॉर्ममध्ये ‘बदलाचे कारण’ असा रकाना आहे आणि त्यात ‘मंडळाच्या सूचनेनुसार’ लिहायची पद्धत आहे. तेच लिहिलं. मग खोडून ‘बेरीज चुकली होती’ लिहिलं. बघू, यावर किती मिनिटं घेतात ते.