नीरा आणि शांताबाई

रविवार, रात्री उशिरा

आज पुन्हा 'कुंकू' पाहिला. १९३७ सालचा प्रभात फिल्म कंपनीचा चित्रपट. त्यावर बोलणं निघालं की दिग्दर्शक शांतारामबापूंची ती घड्याळाची टिकटिक निघते, पार्श्वसंगीत अजिबात नाही हे निघतं, केशवराव दात्यांचा काकासाहेब तर निघतोच. सगळं खरं आहे. पण माझी नजर आज नीरा झालेल्या शांता आपट्यांवरून हलली नाही.

नीराला फसवून म्हाताऱ्या बिजवराच्या, या काकासाहेबांच्या, गळ्यात बांधलेलं असतं. ती पळून जात नाही, जीव देत नाही. त्याच घरात राहते आणि नवऱ्याला नवरा मानायला साफ नकार देते. सावत्र मुलगा, तोही वाढलेला घोडा, अंगचटीला येतो तेव्हा ती छडी घेऊन त्याला फोडून काढते. त्या प्रसंगात शांताबाईंचा चेहरा बघावा. डोळ्यांत पाणी नाही, भीती नाही. राग आहे, आणि आपण बरोबर आहोत याची खात्री आहे. तेव्हाच्या पडद्यावरच्या बायका सोसून सोसून मोठ्या होत. ही सोसत नाही, म्हणून मोठी होते.

गाण्याचंही तेच. पार्श्वगायन रुळायच्या आधीचा तो काळ, गायचं ते नटीनं स्वतःच. शांताबाई एका जागी खिळून गात नसत. मान, हात, डोळे सगळं गाण्यात. 'अमृतमंथन'पासूनच हे दिसतं. केशवराव भोळ्यांच्या चाली त्यांच्या गळ्यात चपखल बसल्या. 'कुंकू'त तर ही नऊवारीतली मुलगी लाँगफेलोची इंग्रजी कविता गाते, आणि ते उपरं वाटत नाही. नीराच्या तोंडी ती शोभते.

मला राहून राहून १९३९ आठवतं. प्रभातशी करारावरून वाजलं, तेव्हा शांताबाई पुण्यात स्टुडिओच्या फाटकाशी उपोषणाला बसल्या. आज तिथे फिल्म इन्स्टिट्यूट आहे. नावाजलेली नटी, कंपनीच्या दारात, अन्न सोडून! लोकांनी तेव्हा तमाशा म्हटलं असेल, आजही कुणी हसून सांगतं. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. पगारी माणसानं आपलं म्हणणं मालकाच्या दाराशी बसून मांडलं, इतकंच. पडद्यावर नकार देणाऱ्या बाईवर टाळ्या पडतात, आणि तीच बाई पडद्याबाहेर नकार देते तेव्हा तिला भांडखोर म्हणतात, याचा मला मनापासून संताप येतो.

पुढच्याच वर्षी त्यांचं 'जाऊ मी सिनेमात?' हे पुस्तक आलं. सिनेमात येऊ पाहणाऱ्या मुलींना या धंद्याचं आतलं रूप कळावं म्हणून एका चालत्या नटीनं १९४० साली लेखणी धरावी, याला काय छाती लागली असेल!

आणि प्रभात सुटलं म्हणून त्या काही बसून राहिल्या नाहीत. १९४१ साली तमिळ 'सावित्री' केला, त्यासाठी ती भाषा शिकल्या. त्यात नारद होत्या एम. एस. सुब्बुलक्ष्मी. दोघी गाणाऱ्या, एकाच चित्रपटात! १९४९ साली 'स्वयंसिद्धा' केला. १९६४ साली गेल्या, फार लवकर.

पुढच्या रविवारी भाचीला बोलावलंय. नुकतीच नोकरीला लागली आहे, ऑफिसात कुणी वरच्या आवाजात बोललं की गप्प बसते. तिला 'कुंकू' दाखवायचा आहे, आणि जेवताना त्या उपोषणाबद्दल सगळं सांगायचं आहे.