त्सुगारूत पुस्तकी जपानी किती चालते?

पुस्तकातून मराठी शिकलेला एखादा परदेशी जतच्या स्टँडवर उतरला, तर त्याचं बोलणं सगळ्यांना कळेल. त्यांचं मात्र त्याला निम्मंही कळायचं नाही. होन्शू बेटाच्या उत्तर टोकाला, आओमोरी प्रांतातल्या त्सुगारूत एन-फाइव्ह (जपानीची सर्वांत सोपी पातळीची परीक्षा) करून गेलेल्याची गत अशीच होते. म्हणून सांगलीत बसून तयारी करणाऱ्यांनी शेवटचे दोन महिने कान तयार करावेत.

वाक्याची बांधणी आपल्याला आयतीच मिळालीय. क्रियापद शेवटी, प्रत्यय नामामागे: 'सांगली कारा सातारा मादे' म्हणजे सांगलीहून साताऱ्यापर्यंत. पुस्तकातल्या 'नि' किंवा 'ए' या प्रत्ययांच्या जागी त्सुगारूत 'सा' ऐकू येतो. तो सरळ आपला 'ला' समजावा. 'दो-सा?' म्हणजे कुठं निघालास? उत्तर 'यु-सा', आंघोळीला. संपला संवाद! (आपल्याकडचं 'कुठं?' 'रानात' याहून वेगळं काय असतं?) 'वा' म्हणजे मी, 'ना' म्हणजे तू. ताटली पुढं सरकवत 'के' म्हटलं तर खा. 'माइने' ऐकलं की थांबायचं. म्हणजे ते चालत नाही.

आपण घसरतो ते स्वरांच्या लांबीवर. 'ओबासान' मावशी, 'ओबाऽसान' आजी. आकड्यांतही: दहा हजारांना 'मान', त्यामुळे लाख म्हणजे दहा मान, 'जू-मान'.

गावाकडच्या बसला कंडक्टर नसतो. बहुतेक ठिकाणी मागच्या दारानं चढायचं आणि दाराशीच्या यंत्रातून नंबराची चिठ्ठी, 'सेइरिकेन', घ्यायची. ड्रायव्हरच्या वरच्या फलकावर त्या नंबराखाली भाडं वाढत जातं. उतरताना चिठ्ठी आणि नेमकी नाणी पेटीत टाकायची. जादा टाकले तर बहुधा परत मिळत नाहीत, म्हणून आधीच शेजारच्या यंत्रात १००० येनची नोट मोडून घ्यावी. १०,००० ची नोट तिथं चालत नाही. चिठ्ठी विसरलात तर पहिल्या थांब्यापासूनचं भाडं पडू शकतं. वेळापत्रकातले 'हेइजित्सु' (कामाचे दिवस) आणि 'दोनिचि-शुकु' (शनिवार, रविवार, सुट्ट्या) हे शब्द कांजीत, म्हणजे जपानी चित्रलिपीत, आधी ओळखायला शिका. रकाना चुकला की बस चुकली, आणि पुढची कैक तासांनी.

शाकाहाऱ्यांना 'निकु मो साकाना मो ताबेमासेन' (मांसही खात नाही, मासाही नाही) एवढं पुरत नाही. मासा नको म्हटलं तरी सूप येतंच, कारण 'दाशी' हा सुकवलेल्या माशांचा अर्क कुणी मासा धरत नाही. 'दाशी मो दामे देस' (दाशीही चालत नाही) हेही म्हणावं लागतं. अडलं तर 'उमे'ची (खारवलेल्या आंबट फळाची) ओनिगिरी, म्हणजे भाताचा गोळा, घ्या, पण वेष्टनावर 'कात्सुओ' (हा मासाच) नाही ना, तेवढं बघून.