सिसिलीतील दोन मुक्काम: ओर्तिजिया आणि चेफालू

इटलीचे सिसिली हे भूमध्य समुद्रातील सर्वांत मोठे बेट असून त्याचे क्षेत्रफळ २५,००० चौरस किलोमीटरहून अधिक आहे. एकाच शहरात राहून हे सारे बेट पाहण्याचा बेत आखला, तर सुट्टीचा मोठा भाग बस आणि आगगाडीतच खर्ची पडतो. म्हणून सप्टेंबरातील आमच्या प्रवासात आम्ही पूर्व किनाऱ्यावर सिराकूझा आणि उत्तर किनाऱ्यावर चेफालू असे दोनच मुक्काम ठेवले. कातानियाच्या विमानतळावर उतरून पालेर्मोहून परतल्यामुळे आल्या वाटेने माघारी फिरावे लागले नाही.

सिराकूझाचा सर्वांत जुना भाग म्हणजे पुलांनी मुख्य भूमीला जोडलेले ओर्तिजिया हे छोटे बेट. तेथील कॅथेड्रल ही संपूर्ण प्रवासात माझ्या मनात सर्वांत खोल ठसलेली वास्तू. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात येथे अथेना देवीचे मंदिर उभे राहिले. पुढे ख्रिस्ती काळात ते न पाडता खांबांमधल्या मोकळ्या जागा भिंतींनी बुजवून त्याचेच चर्च करण्यात आले. १६९३ च्या भूकंपानंतर दर्शनी भाग बरोक शैलीत नव्याने बांधला गेला. त्यामुळे चौकातून पाहणाऱ्याला हे अठराव्या शतकातील चर्च वाटते; पण शेजारच्या गल्लीत वळले की भिंतीतून अर्धे बाहेर डोकावणारे, डोरिक या प्राचीन ग्रीक शैलीचे जाडजूड खांब दिसतात. आत त्यांच्यावरील उभ्या पन्हळी अगदी हाताच्या अंतरावर येतात. येथे घाई करू नये. किमान तासभर राखून ठेवावा.

शहराच्या दुसऱ्या टोकाला पुरातत्त्व उद्यान आहे. तेथील ग्रीक नाट्यगृह खडकात कोरलेले असून त्याच्या पायऱ्यांवर सावली नाही, म्हणून उद्यान उघडताच जावे. मे महिन्यापासून उन्हाळ्यात येथे प्राचीन ग्रीक नाटकांचे प्रयोग होतात आणि त्यासाठी दगडी पायऱ्यांवर लाकडी आसने बसवली जातात. मूळ दगड पाहायचा असेल, तर शरद ऋतू बरा. जवळच चुनखडीच्या खाणी आहेत. इसवी सनापूर्वी ४१३ मध्ये सिराकूझावर चालून आलेल्या अथेन्सच्या सैन्याचा पराभव झाला, तेव्हा कैद्यांना या शहराच्या खाणींत डांबले होते. आज तेथे लिंबाची झाडे आहेत.

ओर्तिजियात वाळूचा विस्तीर्ण किनारा नाही. लोक खडकांवरून समुद्रात उतरतात. त्यामुळे पाण्यात चालणारे रबरी तळाचे बूट घेऊनच जावे. वाळूच हवी असेल, तर फोंताने बियांके किंवा आरेनेल्ला येथे बसने जाता येते. डोंगरावरच्या ताओर्मिना या गावाला मात्र एक दिवस पुरतो. तेथील नाट्यगृहातून दिसणारा एटना ज्वालामुखी पाहण्यासारखाच आहे, पण राहण्याचा खर्च फार आणि खालचा किनारा गोट्यांचा.

चेफालूत अडचण उलट आहे: वाळूचा उथळ किनारा जुन्या गावाला इतका खेटून आहे की कॅथेड्रल पाहायचे राहून जाण्याचा धोका असतो. ते राहू देऊ नये. नॉर्मन राजा दुसरा रॉजर याने ११३१ मध्ये ते बांधायला घेतले. वेदीमागच्या अर्धगोलात सोनेरी पार्श्वभूमीवर ख्रिस्ताचे भव्य मोझेक असून त्याच्या हातातील उघड्या ग्रंथाचे एक पान ग्रीकमध्ये, तर दुसरे लॅटिनमध्ये आहे. याच राजाचे पालेर्मोतील राजवाड्यातले प्रार्थनागृह येथून आगगाडीने सुमारे तासाभराच्या अंतरावरील शहरात आहे. तेथे भिंतींवर बायझंटाईन मोझेक आणि वर मुस्लिम कारागिरीचे कोरीव, रंगवलेले लाकडी छत आहे. त्यावरील वादक आणि प्राणी नीट दिसावेत म्हणून लहान दुर्बीण जवळ असावी.

चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत. अनेक चर्च दुपारी काही तास बंद असतात, त्यामुळे सकाळ वास्तूंसाठी आणि दुपारनंतरचा वेळ समुद्रासाठी ही विभागणी सोयीची ठरते. १५ ऑगस्टच्या आसपास सारा इटली सुट्टीवर असतो. तो काळ टाळावा. सप्टेंबरात पाणी उबदार असते आणि गर्दी ओसरू लागते.

शाकाहारी मंडळींची उपासमार होत नाही. पालेर्मोत हरभऱ्याच्या पिठाच्या तळलेल्या वड्या, म्हणजे पानेल्ले, पावात घालून देतात. वडापाववर वाढलेल्या माणसाला ते लगेच आपलेसे वाटते. कातानियाकडचा वांग्याचा नोर्मा पास्ताही उत्तम. मात्र कान्नोली या गोड पदार्थाच्या कवचात परंपरेने डुकराची चरबी घालतात आणि चीजमध्ये दूध गोठवण्यासाठी वापरलेले प्राणिजन्य रेनेट असू शकते, म्हणून विचारूनच मागवावे.

शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो. प्रादेशिक आगगाडीचे कागदी तिकीट चढण्यापूर्वी फलाटाजवळच्या यंत्रात शिक्का मारून घ्यावे, नाहीतर दंड होऊ शकतो. भाड्याची मोटार घेणार असाल, तर आंतरराष्ट्रीय वाहन परवाना भारतातूनच काढून न्यावा आणि जुन्या शहरांच्या वेशीवरील झेडटीएल (मर्यादित वाहतुकीचे क्षेत्र) ही पाटी ओळखून ठेवावी. त्यापलीकडे विनापरवाना गेलेल्या गाडीचा क्रमांक कॅमेरा टिपतो. मोटार नसेल, तर मुक्काम बदलण्याचा दिवस रविवार ठेवू नये, कारण त्या दिवशी बस आणि गाड्या कमी असतात.