इंग्रजी, पण या वेळी कानाने: सोळा आठवड्यांची नोंद

स्पॅनिशची दोन वर्षं आणि तुर्कीचं एक वर्ष झाल्यावर पुढची भाषा म्हणून मी इंग्रजी घेतली. वाचायला-लिहायला ती रोजच वापरते, मग पुन्हा कशाला? त्याचं कारण एक वाक्य आहे. रेडिओवरच्या एका मुलाखतीत एक बाई बोलत होत्या आणि मला ऐकू आलं, "आय शुडव टोल्डर." तीन वेळा मागे नेऊन ऐकलं. शेवटी छापील मजकूर उघडला, तर तिथे होतं: आय, शुड, हॅव, टोल्ड, हर. पाचही शब्द लहानपणापासून ओळखीचे, आणि त्यांतले दोन मला ऐकूच आले नव्हते.

तुर्कीत याच्या अगदी उलट व्हायचं. तिसऱ्या महिन्यात बातम्या लावल्या की अर्थाचा पत्ता नसायचा, पण शब्द जसाच्या तसा वहीत उतरवता यायचा आणि मग कोशात सापडायचा. इंग्रजीत अर्थ आधीपासून हातात असतो आणि शब्दच निसटतो. इंग्रजी इतर भाषांच्या मानाने किती अवघड, या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर इथूनच सुरू झालं.

आठवडा १ ते ४

पद्धत साधी ठेवली. रोज एका मिनिटाचं ध्वनिमुद्रण घ्यायचं, पाच वेळा ऐकून वहीत उतरवायचं, मग मजकुराशी ताडून चुकलेला प्रत्येक शब्द लाल पेनाने लिहायचा. पहिल्या मिनिटात १६० शब्द होते, त्यांतले ४३ चुकले. मला खरोखर माहीत नसलेले त्यात दोनच. बाकी बहुतेक 'ऑफ', 'टू', 'फॉर', 'हॅज', 'ॲट', 'हर' अशी किरकोळ मंडळी.

ती यादी समोर ठेवून बराच वेळ बसले, तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. मराठीतही आपण स्वर गाळतो. 'करतात' लिहितो आणि 'कर्तात' म्हणतो. पण 'ने', 'ला', 'चा', 'त' हे प्रत्यय कितीही घाईत बोललं तरी पुसले जात नाहीत. वाक्याचं व्याकरण त्यांच्यावरच उभं असतं आणि ते कानाला स्पष्ट लागतं. इंग्रजी नेमकं हेच काम करणारे शब्द सर्वांत आधी दाबून टाकते. 'ऑफ'चा 'अव' होतो, 'टू'चा 'ट', 'फॉर'चा 'फ', 'कॅन'चा 'कन'. जोर पडतो तो नाम आणि क्रियापदांवर, मधले शब्द एका पुसट 'अ'मध्ये बुडतात. आपला कान प्रत्यय शोधत राहतो आणि त्याला रिकामी जागा सापडते.

इंग्रजी मातृभाषा असलेली माणसंही 'शुड हॅव'च्या जागी 'शुड ऑफ' लिहून जातात. कारण बोलण्यात दोन्ही 'अव'च. हे कळल्यावर मला फार बरं वाटलं. म्हणजे मी ऐकत होते ते बरोबर होतं, फक्त त्या 'अव'ला कोणता शब्द जोडायचा ते येत नव्हतं.

अमेरिकी उच्चारांवर काम करणाऱ्यांसाठी एक उपयोगी खूण: 'कॅन' असं पूर्ण, ठसठशीत ऐकू आलं तर ते बहुधा 'कॅन्ट' असतं. शेवटचा 'ट' गिळला जातो आणि होकारातला 'कॅन' तर 'कन' होऊन गेलेला असतो. ही एक खूण मिळाल्यावर माझ्या होकार-नकाराच्या जवळजवळ सगळ्या चुका थांबल्या.

आठवडा ५ ते ७: वहीतली देवनागरी बंद

इतकी वर्षं इंग्रजी शब्दांचे उच्चार मी देवनागरीत टिपून ठेवत होते. स्पॅनिशला ते उत्तम चाललं, पाच स्वर, पाचही आपल्याकडे आहेत. इंग्रजीत मात्र त्यानेच घात केला. जुन्या वहीत 'फोटोग्राफ', 'फोटोग्राफर', 'फोटोग्राफिक' असं एकाखाली एक लिहिलेलं सापडलं. तिन्हींत 'फोटोग्रा' सारखंच. प्रत्यक्षात पहिल्यात जोर 'फो'वर आहे, दुसऱ्यात तो 'टॉ'वर सरकतो आणि तिसऱ्यात 'ग्रॅ'वर. जिथून जोर निघून जातो तिथला स्वर लगेच फिका पडतो, म्हणून 'फोटग्राफ', 'फटॉग्रफर', 'फोटग्रॅफिक'. मी 'फोटोग्राफर' ऐकायची वाट बघत होते आणि बोलणारा 'फटॉग्रफर' म्हणून पुढे निघून गेलेला असायचा.

मराठीत जोर बदलल्याने शब्दाचा अर्थ बदलत नाही, त्यामुळे कानाला ती सवयच नाही. स्पॅनिशमध्ये बदलतो. 'आब्लो'मध्ये जोर पहिल्या अक्षरावर असेल तर 'मी बोलतो', शेवटच्यावर असेल तर 'तो बोलला'. पण तिथे त्या शेवटच्या स्वरावर तिरपी रेघ काढलेली असते, पान बघून जोर कळतो. इंग्रजीत 'रेकॉर्ड' हे नाम आणि 'रिकॉर्ड' हे क्रियापद, दोन्हींचं स्पेलिंग एकच, वर खूण काही नाही.

आता वहीत शब्दाखाली नुसते ठिपके काढते, जोराच्या जागी मोठा ठिपका, बाकी लहान. आणि मोठ्याने म्हणताना त्या ठिपक्यावर टेबलावर बोट आपटते. सात आठवड्यांतली सर्वांत कामाची सवय हीच.

स्पेलिंगबद्दल

यावर सगळेच तक्रार करतात, मला ते प्रकरण मनापासून आवडायला लागलं आहे. विल्यम कॅक्स्टनने १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला आणि हळूहळू शब्दांचं लेखन छापात गोठत गेलं. नेमकं त्याच काळात, साधारण १४०० ते १७०० दरम्यान, इंग्रजीचे सगळे दीर्घ स्वर आपापली जागा सोडून सरकत होते. लेखन मागे राहिलं आणि उच्चार पुढे गेला. 'नेम' हा शब्द एके काळी जवळजवळ 'नाम' असा म्हटला जायचा. आपलं 'नाम' आणि ते 'नेम' मुळात एकाच घरचे, आणि स्पेलिंगमध्ये तो 'ए' अजून तसाच बसला आहे. 'नी' म्हणजे गुडघा, त्याच्या सुरुवातीचा मुका 'के'ही पूर्वी बोलला जायचा. जर्मन लोक आजही गुडघ्याला 'क्नी' म्हणतात, 'क' स्पष्ट उच्चारून. 'डेट' म्हणजे कर्ज, त्यातला 'बी' मात्र कधीच उच्चारात नव्हता. लॅटिन मूळ दिसावं म्हणून विद्वानांनी तो मागाहून घुसवला. 'आयलंड'मधला 'एस' तर निव्वळ गैरसमजातून आला, लॅटिनशी नसलेलं नातं जोडून.

तुर्कीने १९२८ मध्ये लिपीच बदलली आणि उच्चाराप्रमाणे नव्याने लेखन बसवलं. स्पॅनिशला १७१३ पासून अकादमी आहे, ती लेखनाचे नियम ठरवते आणि वेळोवेळी सुधारते. इंग्रजीला असं कुणी कधी नव्हतं. म्हणून 'ओ-यू-जी-एच' ही चार अक्षरं 'दो', 'थ्रू', 'टफ', 'कॉफ' आणि 'बाउ' अशा पाच शब्दांत पाच तऱ्हेने वाचावी लागतात.

आणि हा त्रास फक्त परक्यांना नाही. २००३ मध्ये युरोपातल्या तेरा लेखनपद्धती शिकणाऱ्या मुलांची तुलना प्रसिद्ध झाली. पहिल्या वर्षाअखेर फिनिश आणि ग्रीक मुलं ओळखीचे शब्द जवळजवळ बिनचूक वाचत होती, इंग्रजी वाचणारी मुलं सर्वांत मागे होती. म्हणून मी अवघडपणाचे दोन भाग करते. एक, भाषा आपल्यापासून किती दूर आहे. दुसरा, ती स्वतःतच किती गुंतलेली आहे. इंग्रजीचं स्पेलिंग दुसऱ्या भागात येतं, ते सर्वांनाच जड आहे.

दूर म्हणजे कुठून दूर?

कोणती भाषा शिकायला किती तास लागतात, याचा अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या भाषा प्रशिक्षण संस्थेचा तक्ता भाषा शिकणाऱ्या बहुतेकांनी पाहिला असेल. स्पॅनिशला साधारण ६०० ते ७५० तास, तुर्की आणि हिंदीला ११००, जपानी आणि चिनीला २२००. तो तक्ता चांगलाच आहे, पण तो इंग्रजीच्या दारात उभं राहून, म्हणजे इंग्रजी मातृभाषा असलेल्यांसाठी मोजलेला आहे. आपण त्यावरून तुर्की अवघड आणि स्पॅनिश सोपी म्हणतो, तेव्हा दुसऱ्याच्या घरून निघालेल्या रस्त्याचं अंतर आपलं समजतो.

माझा अनुभव सांगते. तुर्कीत क्रियापद शेवटी, प्रत्यय शब्दाच्या मागे, म्हणजे आपलीच बैठक. 'पाऊस येईल म्हणून छत्री घेतली' यातला 'म्हणून' तुर्कीत 'दिये' होतो, आणि तो 'म्हणणे' या अर्थाच्या धातूपासूनच बनला आहे. इंग्रजी मातृभाषा असणाऱ्याला हा 'दिये' समजून घ्यायला धडा लागतो, मला तो पहिल्या दिवशी पटला. स्पॅनिशमध्ये 'मे गुस्ता' म्हणजे सरळ 'मला आवडतं', कर्ता उलटा-सुलटा करायची गरज नाही.

हे अंतर दोन्ही दिशांनी सारखंही नसतं. इंग्रजाला जपानी शिकताना दोन हजारांवर कांजी, म्हणजे चिनीतून आलेली चिन्हं, पाठ करावी लागतात, जपानी माणसाला इंग्रजीत सव्वीस अक्षरं. पण त्याच्याकडे 'अ' आणि 'द' ही उपपदं नाहीत, 'र' आणि 'ल' हे ध्वनी वेगळे नाहीत, अनेकवचनाची सक्ती नाही. दोघांचा चढ वेगळ्या जागी आहे.

आठवडा ८ ते १४: 'अ' आणि 'द'

इथे मी सर्वांत जास्त वेळ घालवला आणि तो सार्थकी लागला. एक पान घ्यायचं, त्यातले सगळे 'अ' आणि 'द' खोडायचे, दुसऱ्या दिवशी परत भरायचे. आठव्या आठवड्यात ६० जागांपैकी १४ चुकल्या. नियम पाठ होते, तरी चुकल्या.

वाट सापडली ती तुर्कीमुळे. तुर्कीत 'दोक्तोर आरियोरुम' म्हणजे कुठलाही डॉक्टर शोधतेय, 'दोक्तोरु आरियोरुम' म्हणजे ठरावीक डॉक्टर. कर्माला प्रत्यय लागला की ते नेमकं होतं. हे घोकत असताना जाणवलं की आपण हेच करतो. 'मी डॉक्टर शोधतेय' आणि 'मी डॉक्टरांना शोधतेय'. पहिल्यात 'अ डॉक्टर', दुसऱ्यात 'द डॉक्टर'. आपल्याकडे हा भेद आहे, फक्त तो वेगळ्या शब्दात न ठेवता प्रत्ययात ठेवला आहे.

मग आणखी शोधलं. 'दारात कुत्रा आहे' आणि 'कुत्रा दारात आहे'. पहिला कुत्रा नवा, दुसरा ओळखीचा. इथे प्रत्ययही नाही, नुसत्या शब्दांच्या क्रमाने काम झालं. तेव्हापासून रिकामी जागा आली की आधी मनात मराठी वाक्य म्हणते आणि कुत्रा पुढे आला का मागे, ते पाहते. ही युक्ती सगळीकडे पुरत नाही. वस्तूंना आपण सहसा 'ला' लावत नाही, 'पुस्तक शोधतेय' दोन्ही अर्थांनी चालतं. पण चौदाव्या आठवड्यात चुका ६ वर आल्या. उरल्या त्या 'ॲट नाइट' पण 'इन द मॉर्निंग' अशा ठरून गेलेल्या जोड्या, त्या तशाच तोंडी बसवाव्या लागतात.

बाकी व्याकरणाने फारसं अडवलं नाही. वस्तूंना लिंग नाही, 'गेला, गेली, गेलं'च्या जागी एकच 'वेंट'. 'यूज अप', 'ईट अप' मधला 'अप' म्हणजे आपलं 'संपवून टाक', 'खाऊन टाक' मधलं 'टाक', हे कळल्यावर ती जोडक्रियापदंही परकी राहिली नाहीत. 'व्ह' आणि 'व' यांवर मात्र आरशासमोर रोज पाच मिनिटं जातात. वरचे दात खालच्या ओठाला लागले तर 'व्हेस्ट', ओठ गोल झाले तर 'वेस्ट'. फोनच्या श्रुतलेखनाला दहा-दहा वेळा सांगून बघते. आता दहापैकी आठ वेळा तो बरोबर शब्द लिहितो.

आठवडा १६

पहिल्या दिवसाचं ते मिनिट पुन्हा लावलं. बाईंचं "आय शुडव टोल्डर" या वेळी पाच शब्दांचं वाक्य म्हणून आलं, जोर 'टोल्ड'वर, बाकीचे चार त्याच्या आजूबाजूला. ४३ चुका होत्या त्या १२ झाल्या. त्यांतल्या नऊ एकाच जागी आहेत, जिथे मुलाखत घेणारा मध्येच बोलतो आणि दोन आवाज एकमेकांवर चढतात.

म्हणून सतराव्या आठवड्यासाठी दोन मित्रांच्या गप्पांचं एक मिनिट निवडलं आहे. काल पहिल्यांदा उतरवलं. १९० शब्दांपैकी ५८ निसटले, आणि लाल पेनाने लिहिलेल्यांत पुन्हा सर्वांत वर 'ऑफ' आहे.