गंजारीचं छप्पर बघायला जाताय? आधी सिगऱ्याचं ऐका

बनारसमध्ये रिक्षावाल्याला नुसतं 'स्टेडियम' म्हणालात, तर तो तुम्हाला सिगऱ्याला नेऊन सोडतो. आम्हाला सोडलं. सकाळचे सात, थंडीने बोटं आखडलेली, आणि समोर रॅकेटी पाठीला लावून पोरं आत चाललेली. मामेभाऊ म्हणाला, "अरे, हे तर बांधून झालंय की!" झालंच होतं. सिगऱ्याचं संपूर्णानंद स्टेडियम नव्याने उभं राहून ऑक्टोबर 2024 मध्ये त्याचं उद्घाटनही झालं. आम्हाला हवं होतं ते गंजारीचं, बांधकाम चालू असलेलं क्रिकेट स्टेडियम, शहराबाहेर राजातालाबच्या बाजूला, रिंग रोडजवळ. तेव्हा पहिला धडा: स्टेडियम हा शब्दच काढू नका. 'राजातालाब, गंजारी' एवढंच म्हणा आणि बसण्याआधी समोरच्याकडून वदवून घ्या.

चूक त्याची नव्हती, मान्य. पुढचं सगळं मात्र त्याचंच. "गंजारी? बहुत दूर पडेगा, भैया," म्हणत त्याने जाण्याचे 600 आणि थांबण्याचे 300 ठरवले. आम्ही घासाघीस केली नाही, कारण उजाडून गेलं होतं आणि क्रेनचं काम सकाळीच बघायला मिळतं हे डोक्यात पक्कं बसलेलं. रिंग रोड लागला आणि थोड्याच वेळात गाडी बाजूला. बॅटरी उतरली म्हणे. मीटरवर दोन दांड्या स्पष्ट दिसत होत्या, मी बोट ठेवून दाखवल्या. "वो गलत दिखाता है." थांबण्याचे 300 मागे मागितले तर म्हणाला, थांबतोय ना इथेच! परत आलो तेव्हा अर्थातच तिथे कोणी नव्हतं. 900 रुपये दोघांत, आणि शेवटचे दोनेक किलोमीटर पायी. ई-रिक्षाने एवढ्या लांब जाऊच नका. सीएनजी ऑटो करा, नाहीतर शेअर ऑटो. पैसे उतरल्यावर द्या, थांबण्याचे तर परत आल्यावरच.

हे दोन किलोमीटर आयुष्यात विसरणार नाही. सह्याद्रीत निसरड्या नाळा उतरलोय, पण तिथे दगड अंगावर चालून येत नाहीत. इथे डंपर येतात. रस्त्याच्या कडेला पिठासारखी माती, घोट्यापर्यंत पाय रुततो. धुकं इतकं की डंपरचा आधी हॉर्न येतो, मग दिवे, मग अख्खा डंपर, आणि तो गेल्यावर पाच मिनिटं काहीच दिसत नाही. कडेने चालावं तर मधेच चर खणलेला. मामेभाऊ त्यात गुडघ्यापर्यंत गेला. पाणी नव्हतं, हे नशीब. डोळ्यांत इतकी धूळ गेली की माझी लेन्स एका डोळ्यातून काढून खिशात ठेवावी लागली, आणि उरलेला सगळा दिवस मी एका डोळ्याने छप्पर बघितलं. चष्मा लावून जा. तोंडाला रुमाल नको, नीट मास्क हवा. बूट घोट्याच्या वर येणारे. मागून येणाऱ्याला दिसेल असं भडक जॅकेट घाला, काळं तर अजिबात नको.

एवढं करून पोचलो, तर समोर पांढरा पडदा. छप्पर सोडा, स्टँडही दिसेना.

आता फसवणुकीचं बोलतो, कारण त्यासाठीच लिहायला बसलोय. 23 सप्टेंबर 2023 ला इथे पायाभरणी झाली. पंतप्रधान होते, आणि सचिन, गावसकर, वेंगसरकर, शास्त्री, कपिल असे सगळे आलेले. तेव्हा जी कॉम्प्युटरवरची चित्रं बाहेर आली ती तुम्हीही पाहिली असणार: अर्धचंद्रासारखं छप्पर, त्रिशूळासारखे दिव्यांचे खांब, दर्शनी भागावर बेलपानं, डमरूचा आकार. क्षमता 30 हजार. जमिनीसाठी राज्य सरकारचे 121 कोटी आणि बांधकामासाठी बीसीसीआयचे 330 कोटी, असा हिशेब तेव्हा छापून आला होता. ती चित्रं तेव्हापासून 'बघा, तयार झालं' म्हणून फिरताहेत, आणि दर दोन महिन्यांनी कोणी ना कोणी मला पाठवतं. मी स्वतः त्यातलंच एक खरं धरून तिकीट काढलं. काम अजून चालूच आहे हे नंतर कळलं. चित्रात गवत हिरवंगार, आकाश निळंशार आणि सावल्या दोन दिशांना पडलेल्या. एवढं बघूनच ओळखायला हवं होतं. ज्या फोटोत क्रेन, स्कॅफोल्डिंग, पिवळी हेल्मेट असं काहीच नाही, तो फोटो नाही. चित्र आहे.

धुकं साडेदहाला उठलं. एकदम नाही. आधी क्रेनचा बूम, म्हणजे तिचा लांब हात, वरच्या वर तरंगताना दिसला, मग त्याच्याखाली लोखंडाच्या कमानी, एकेक करून.

चंद्रकोर म्हटलं की मला आईच्या कपाळावरची आठवते, मधे जाड आणि टोकांना निमुळती. मला दिसल्या तेवढ्या कमानी खरंच लांबीला सारख्या नव्हत्या. छपराच्या पुढच्या कडेला खाली खांब नाही, सगळा भार मागे. प्रेक्षकासमोर खांब यायला नको म्हणून ही खटपट. आपल्या वानखेडेचं 2011 च्या वर्ल्डकपआधीचं नवं छप्परही असंच पुढे झेपावलेलं, त्यावर मात्र कापड ताणलेलं. अशा छपराला वजनाइतकीच भीती वाऱ्याची. वारा खालून शिरला की ते छत्रीसारखं उलटायला बघतं, म्हणून मागच्या बाजूला त्याला खाली ओढून धरावं लागतं. हे पुस्तकी वाटेल, पण एक तुकडा चढताना बघितला की डोक्यात घट्ट बसतं.

तो आम्ही पाहिला. जमिनीवर जोडलेला एक लांब सांगाडा, दोन्ही टोकांना दोर, दोर धरून प्रत्येकी दोन माणसं. सिग्नलवाल्याची शिट्टी. सांगाडा वीतभर उचलला आणि थांबवला. पाच मिनिटं तसाच अधांतरी. बेल्ट, शॅकल म्हणजे दोराच्या लोखंडी कड्या, सगळं पुन्हा तपासलं, मग वर. वर दोघं जण पट्टे बांधून बसलेले. सांगाडा जवळ आल्यावर एकाने टोकदार पाना भोकात खुपसला, अंग टाकून सरकवला, दोन भोकं एका रेषेत आणली आणि दुसऱ्याने बोल्ट घातला. एवढंच. चाळीस मिनिटं लागली. आम्ही दोघं रस्त्याच्या कडेला उभे राहून टाळ्या वाजवल्या, आणि एका ट्रॅक्टरवाल्याने आम्हाला वेड्यात काढलं. माझे 900 रुपये त्या क्षणी वसूल. पंधरा मिनिटांनी पुन्हा आठवले, ती गोष्ट वेगळी.

आत सोडत नाहीत. मी गेटवर "चाचा, पाच मिनट" करून पाहिलं. त्यांनी हेल्मेट कुठंय विचारलं आणि विषय संपला. बरोबरच आहे त्यांचं, हुज्जत घालू नका. कुंपणावर चढू नका, परवानगीशिवाय ड्रोनचा विचार सोडा. बाहेरून दिसतं, पण दुर्बीण हवी. आठ-दहा पटीची साधी चालेल. मोबाइलच्या झूमवर विसंबून येणार असाल तर येऊच नका, राखाडी रंगाचा चिखल दिसेल. डिसेंबर-जानेवारीत दहाच्या आत पोचण्यात काही अर्थ नाही. सकाळी लवकर क्रेन चालते हे खरं, पण धुक्यात कोण उचलणार? दुपारी वारा सुटला तरी काम थांबतं. साडेदहा ते एक, ही वेळ.

येताना शहाणे झालो. राजातालाबपर्यंत चालत आणि तिथून माणशी 40 रुपयांत शेअर ऑटो. चाळीस! मला दिवसभर तोच आकडा दिसत होता. राजातालाबला रेल्वे स्टेशनही आहे, पण थांबणाऱ्या गाड्या मोजक्या, त्यामुळे वेळापत्रक बघूनच ठरवा. घरचे काशीची पंचक्रोशी परिक्रमा करणार असतील तर भीमचंडीचा मुक्काम याच बाजूला येतो, त्यांना तिकडे पाठवून तुम्ही इकडे सटकू शकता. बाकीचे तीन दिवस घाट, विश्वनाथ, सारनाथ, सगळं छान झालं.

कमानी मोजणार असाल तर रस्त्यावरून दिसणारी अगदी डावीकडची पहिली धरा आणि तात्पुरते टेकू वगळा. मी आधी टेकूही धरले होते, माझा आकडा मामेभावाच्या आकड्याहून चारने जास्त आला आणि आम्ही ऑटोत भांडत परतलो.