उजनी मायनसमध्ये गेलं आणि मी गावाला गेलो

2024 च्या मे महिन्यात उजनी धरणाचं पाणी पार तळाला गेलं आणि पळसदेवचं पाण्यातलं देऊळ उघडं पडलं. ऑफिसच्या ग्रुपवर कुणीतरी ड्रोनचा व्हिडिओ टाकला, खाली सगळ्यांचं चालू, वीकेंडला जाऊया का. मी टाइप केलं 'माझं गाव आहे ते' आणि पाठवायच्या आधी खोडलं. सात वर्षं गेलो नव्हतो, कोणत्या तोंडाने सांगू.

शनिवारी पहाटे एकटाच निघालो. यवत, चौफुला, पाटसचा टोल, रस्ता एवढा गुळगुळीत की विचार करायला वेळच मिळत नाही. भिगवणला चहाला थांबलो तो उगाच, अर्धा तास काढला. पुढे हायवेला लागून एक ढाबा आहे, ती आमची जमीन. होती.

वडील गेल्यावर मी आक्काला तालुक्याला रजिस्टर ऑफिसात नेऊन हक्कसोडपत्रावर सही घेतली. 2005 पासून मुलीलाही वडिलोपार्जित जमिनीत भावाएवढाच वाटा आहे, हे मला माहीत होतं आणि तिलाही. तिने काही न बोलता सही केली, मी साडीचोळी केली, विषय संपला. मग रोडटच म्हणून तुकडा चांगल्या किमतीला विकला गेला, आणि त्याच वर्षी दाजींच्या ऑपरेशनसाठी तिने फोन करून पैसे मागितले तर मी म्हणालो, "तुझा काय संबंध, तू सही केलीयस की." हे वाक्य मी बोललोय. बायको शेजारी उभी होती, तिने माझ्याकडे बघितलेलं अजून आठवतं.

आक्का दारातच होती. "आलास व्हय," एवढंच. पाणी दिलं. दाजी आता काठी घेऊन चालतात, ते माझ्याशी हवापाण्याचं बोलले, उजनी मायनस किती झालं वगैरे. आमच्याकडे हे कुणालाही विचारा, 117 टीएमसीचं धरण, त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा, त्याच्या खाली गेलं की मायनस. मला तो विषय संपूच नये असं वाटत होतं.

ऊन उतरल्यावर आक्काच म्हणाली, चल देऊळ बघू. मी जन्मलो तोवर जुनं गाव पाण्याखाली गेलेलं, तिला मात्र थोडं थोडं आठवतं. देव वर नव्या गावात आणला, देऊळ खाली राहिलं. गाळाला हातभर भेगा पडलेल्या, कुठे कुठे लोकांनी गाळपेर केलेली, चिलापीची जाळी वाळत टाकलेली आणि मधे ते देऊळ, आजूबाजूला सेल्फीवाल्यांची ही गर्दी. आक्का त्यांच्यातून सरळ चालत जाऊन एका ढिगाऱ्याजवळ थांबली, "हिथं आपलं घर." मला तर नुसते दगड दिसत होते. खरंच तेच असेल का, काय माहीत, पण वाद घालायचा हक्क मला नव्हता.

तिथेच म्हणालो, चुकलं माझं. अजून तीस गुंठे राहिलेत, ते तुझ्या नावावर करतो, बक्षीसपत्र करू.

ती हसली, म्हणजे तसं हसू नाही. "एक सही केली तर सात वर्षं तोंड दाखवलं नाहीस. आता दुसरी करू का?"

मी म्हणालो, यावेळी सही मी करणार आहे.

"पोरीला विचारते," म्हणाली. तिची मुलगी वकिलीच्या शेवटच्या वर्षाला आहे, हे मला त्या ढिगाऱ्यावर बसून कळलं. मग मधेच म्हणाली, "साडी बाकी चांगली हुती. दोन वर्सात इरली."

अंधार पडायच्या आत परत निघालो. तिला चालताना दम लागत होता, मी हात पुढे केला तर तिने त्यात चपला दिल्या, गाळाने भरलेल्या, आणि अनवाणी पुढे चालत गेली.